एका स्ट्रॉसाठी 20 दिवस?

संपादक साहेब, नमस्कार.

कोरोनाचा विषय निघाला की बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन एवढंच बोललं जातं, पण तेव्हा जेलात अडकलेल्यांचं काय झालं ते कुणी काढतच नाही. फादर स्टॅन स्वामी, झारखंडच्या आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य घातलेला माणूस, 83 व्या वर्षी ऑक्टोबर 2020 मध्ये रांचीहून उचलून आपल्या तळोजा जेलात आणला, पार्किन्सनमुळे हात एवढे थरथरायचे की ग्लास धरता येईना, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला तर एनआयएने, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या केंद्राच्या तपास यंत्रणेने, उत्तर द्यायलाच 20 दिवस मागून घेतले! संताप येतो हो अजून.

सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मध्येच जेलमधली गर्दी कमी करायला सांगितलं होतं, पण राज्याच्या समितीने यूएपीएवाल्यांना, म्हणजे स्वामींवर लावलेल्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कैद्यांना, त्यातून वगळलं, मग वय काहीही असो आजार कुठलाही असो. भेटीही बंद. स्वामींना हॉस्पिटलात हलवलं ते थेट मे 2021 च्या शेवटी, तिथे कोविड पॉझिटिव्ह निघाले, आणि 5 जुलैला जामिनाच्या सुनावणीतच कोर्टाला सांगावं लागलं की ते गेले. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता.

पुढची साथ येण्याआधी सरकारने एवढं तरी करावं, म्हातारे आणि आजारी कच्चे कैदी, कलम कुठलंही असो, आधी जामिनावर सोडावेत.

– एक वाचक, पनवेल