तो पाहुणा नाही, इथलाच हळद्या आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने तुमच्या पुरवणीत हळद्यावर अर्धं पान आलं, वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे पेपर उघडला की केळीचे भाव, पीकविमा आणि अपघात याच्या पलीकडे फारसं काही नसतं. पण फोटो बघितला आणि चहा तसाच राहिला. खाली लिहिलंय ‘सोनेरी हळद्या, नर, हिवाळी पाहुणा’ आणि वर फोटोत बसलाय काळ्या डोक्याचा हळद्या! डोकं, गळा, छातीचा वरचा भाग सगळा डांबरात बुडवून काढल्यासारखा काळा, चोच लालसर गुलाबी, इतका स्वच्छ फोटो की चुकायला जागाच नव्हती. फोटो ज्याने काढला त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा, गडबड खालच्या ओळीत झालीय.

मी काही पक्षीतज्ज्ञ नाही. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला केळी लावतो, विहिरीजवळ एक जुना उंबर आहे आणि बांधावर दोन आंबे, त्यामुळे हे दोन्ही हळद्ये घरबसल्या बघायला मिळतात एवढंच. सोनेरी हळद्याचं डोकं पिवळंच असतं, फक्त चोचीपासून निघून डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली काळी रेघ असते, बाळाला आईने काजळ घालताना हात जरा पुढे गेला तर कसं दिसतं तशी. पंख काळे. त्याची मादी हिरवट पिवळी, पोटावर बारीक गडद रेघा, ती तर बरेच जण तिसराच कुठला पक्षी समजतात. काळ्या डोक्याच्यात तो घोळ नाही, नर-मादी जवळजवळ सारखेच, मादीची पाठ जराशी हिरवट वाटते पण ती दुर्बिणीतून आणि नीट ऊन असेल तरच.

आता मी तुम्हाला चूक दाखवतोय पण माझीच पंधरा-वीस वर्षं चुकीत गेलीत हे पण सांगतो. मला वाटायचं काळ्या डोक्याचा तो नर आणि पिवळ्या डोक्याची ती मादी, मोर-लांडोर असतात तसं. शेतावर येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगायचो, आणि लोक मान डोलवायचे. आजी मात्र म्हणायची (तिचं माहेर अमळनेरकडचं, बोलणं पक्कं अहिराणी, ‘ळ’ चा ‘य’ होतो त्यामुळे हळद्याचा हयद्या), “हाऊ काया डोकाना हयद्या दुसरा शे रे, हाऊ कोठेच जात नही.” मी हसायचो. मग एका मे महिन्यात बांधावरच्या आंब्यात घरटं सापडलं आणि बघतो तर दोन्ही काळ्या डोक्याचे आळीपाळीने चारा घेऊन येतायत! माझी थिअरी तिथल्या तिथे आडवी. पुढे पिल्लू बाहेर आलं तर त्याचं कपाळ पिवळसर, गळा पांढुरका आणि त्यावर काळ्या रेघा, चोच काळपट, म्हणजे परत डोक्याला ताप, हा आता कोण? तो त्यांचाच, लहानपणीचा. गळा पूर्ण काळा व्हायला वेळ लागतो.

घरट्यावरून आठवलं, तुमच्या लेखात लिहिलंय की हळद्या सुगरणीसारखी लांब लोंबती पिशवी विणतो. हे इंटरनेटवरून उचललेलं दिसतंय, राग मानू नका. अमेरिकेतही पिवळे-केशरी काळे पक्षी आहेत, त्यांनाही इंग्रजीत ओरिओलच म्हणतात, आणि त्यातला बाल्टिमोर ओरिओल खरंच अशी लोंबती पिशवी विणतो. पण त्यांचं कुळच वेगळं, आपल्याशी नातं नाही, नुसतं रंगावरून नाव मिळालं. आपला हळद्या फांदीच्या दुबेळक्यात झोळी बांधतो. आमच्याकडे निंदणीला आलेल्या बाया लेकराला झाडाला लुगड्याची झोळी बांधून निजवतात ना, हुबेहूब तशी, दोन्ही काठ फांद्यांना गुंडाळलेले आणि मध्ये खोलगट वाटी, गवत, सालीचे धागे, कोळ्याचं जाळं, आमच्या घरट्यात तर सुतळीचा तुकडा पण होता. सोनेरी हळद्या बऱ्याचदा कोतवालाचं घरटं असलेलंच झाड निवडतो. कोतवाल कावळ्याला, शिकऱ्याला टिकू देत नाही, मग याला फुकटात चौकीदार.

पाहुण्याचं पण सांगायला पाहिजे, कारण खरी अडचण तिथेच आहे. उत्तरेकडचे सोनेरी हळद्ये थंडीत दक्षिणेला सरकतात, त्यामुळे त्याला पाहुणा म्हटलं तर एकवेळ चालेल, तरी महाराष्ट्रात तो घरटीही करतो. काळ्या डोक्याचा मात्र बारा महिने इथेच. त्याला गर्द मोठी झाडं लागतात, वड, पिंपळ, उंबर, आंबा. फळं खातो, अळ्या खातो, फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की फुलातला मध प्यायला पण येतो. ‘हिवाळी पाहुणा’ छापलं की वाचणारा म्हणतो जाऊ दे, हा काय फेब्रुवारीत निघून जाणार, नदीकाठचा उंबर तोडला तर त्याचं काय बिघडतं! पण तो जातच नाही, म्हणजे त्याचं बिघडतं.

अजून एक गंमत सांगतो आणि आवरतो. आपल्या सोनेरी हळद्याला शास्त्रीय नाव मिळालं ते दख्खनमधल्या पक्ष्यांवरूनच. कर्नल साइक्स म्हणून इंग्रज अधिकारी होता, सरकारसाठी आकडेवारी गोळा करत फिरायचा, त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी काढली त्यात याला ओरिओलस कुंडू म्हटलं. नंतरच्या लोकांनी त्याला युरोपातल्या हळद्यातच घालून टाकलं आणि या शतकात परत वेगळा काढला. कशावरून, तर बाकी गोष्टींबरोबर तीच डोळ्यामागची काजळाची रेघ, युरोपातल्याची डोळ्यापाशीच थांबते. म्हणजे एवढ्याशा रेघेसाठी मोठमोठ्या अभ्यासकांची एवढी वर्षं गेली, तर तुमच्या उपसंपादकाची चूक मी पोटात घालतो. फक्त अख्खं काळं डोकं सुटायला नको होतं.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी छोटीशी चौकट करून दुरुस्ती छापा, फोटो तोच वापरा, चांगला आहे. आणि स्वतःचा फोटोग्राफर पाठवायचा असेल तर सध्या आमच्या उंबरावर जोडी येतेय. सकाळी सातच्या आत यावं लागेल, आधी बासरीसारखी शीळ ऐकू येते आणि मग एकदम घसा खरवडल्यासारखा आवाज, दोन्ही त्याचेच. ऊन वर चढलं की ते पानात कुठे गडप होतात ते मला अजून सापडलेलं नाही, एवढा पिवळाधम्मक असून!

आपला,
एक केळी उत्पादक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव