सोनसडोच्या कामात कचरावेचकांनाही घ्या

महोदय,

मडगावच्या सोनसडो कचराडेपोचा विषय निघाला की यंत्रे, निविदा आणि कंत्राटदार यांचीच चर्चा होते. कचऱ्यातून भंगार वेचून पोट भरणाऱ्यांचे नाव कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते. मे २०१९ ची आग आणि तो धूर मडगावकर विसरलेले नाहीत. ओला कचरा ढिगाखाली दडपला की आत मिथेन साचतो आणि वरचे प्लास्टिक सरपणासारखे पेटते. कचरावेचकांनी आधीच उचललेले प्लास्टिक त्या ढिगापर्यंत पोचतच नाही.

या कामाला जाणकारी लागते. पिशवी चुरगळली की आवाजावरून तिचा प्रकार आणि भंगारअड्ड्यावरचा भाव वेचणाऱ्या बाईला कळतो. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव पडून मिळतो, म्हणून पाऊस दिसला की ती आधी पुठ्ठा गोळा करते. चिप्सच्या पाकिटांना गिऱ्हाईक नाही, ती तिथेच राहतात. तेच प्लास्टिक वर्षानुवर्षे ढिगात मुरल्यावर चाळून काढले, तरी बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जाळण्यापुरतेच उरते.

‘ती बाहेरची माणसे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कचरा तर आपलाच आहे ना?

कचरावेचकांची नोंदणी करावी, त्यांना ओळखपत्रे देऊन व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितले होते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. तिचे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी कचरा गोळा करतात. घरटी शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच. ब्राझीलच्या राजधानीत जानेवारी २०१८ मध्ये भलामोठा कचराडेपो बंद झाला, तेव्हा तिथल्या वेचकांच्या सहकारी संस्थांना वर्गीकरण केंद्रांत काम देण्यात आले.

आपल्याकडे डेपोला कुंपण घातले की वेचकांना हुसकावले जाते. मग ते रस्त्याकडेच्या काळ्या पिशव्या फोडतात आणि शिव्याही त्यांनाच बसतात. त्यापेक्षा वर्गीकरणासाठी छप्पर, हातमोजे, बूट, पाणी, स्वच्छतागृह आणि ठरलेला मोबदला द्यावा. सुका माल विकण्याचा पहिला हक्कही त्यांचाच असावा. पालिकेने आणि कचरा व्यवस्थापन महामंडळाने यापुढच्या प्रत्येक निविदेत ही अट लेखी घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, फातोर्डा, मडगाव