टेबल सॉच्या फेन्सची तक्रार: चूक जुळवणीत नाही, डोक्याच्या प्लेटमध्ये आहे

दि. १४ ऑक्टोबर २०२५
म्हसरूळ, नाशिक

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: टेबल सॉसाठी घेतलेली फेन्स सदोष असल्याने बदलून देणे अथवा पूर्ण पैसे परत करणे.

महोदय,

माझ्या टेबल सॉसाठी (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचे लाकूड कापायचे मशीन) तुमच्याकडून ऑनलाइन मागवलेली फेन्स, म्हणजे लाकूड सरळ सरकावण्यासाठी पात्याशेजारी आवळायची आधारपट्टी (समोरची आणि मागची रेल धरून ₹१४,८००), १८ सप्टेंबरला मिळाली. तेव्हापासून मी ती जुळवतोच आहे. फोनवरच्या तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "बाकी सगळ्यांकडे व्यवस्थित चालते, तुमच्या मिस्त्रीला बसवता येत नसेल." मिस्त्री मीच आहे. ६ ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये "जुळवणी ही ग्राहकाची जबाबदारी" असे लिहून वर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला आहे. पार्सल उघडताना माझ्या हातात पाना होता, मोबाइल नव्हता. आणि परतीची दहा दिवसांची मुदत "टेक्निकल टीम फोन करेल" या तुमच्याच आश्वासनाची वाट पाहण्यात गेली.

माझी छोटी शेड आहे. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत एखादा वाडा उतरवला की त्यातले सागवान विकत घेऊन मी देव्हारे करतो. दोन-तीन पिढ्या वाळलेले लाकूड असते, रंग असा की तशी दुसरी फळी शोधून सापडत नाही. कापताना वाया गेली की गेलीच. मशीनसोबत आलेली फेन्स हलकी होती, म्हणून तुमची घेतली.

पहिल्याच दिवशी समोरच्या रेलची दोन भोके टेबलाच्या भोकांशी जमली नाहीत. "ड्रिलिंगची गरज नाही" असे तुमच्या पानावर लिहिले आहे. कानस घेऊन भोके लांबवली, विषय संपवला. एवढ्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही.

खरी गोष्ट पुढची. आमच्या शेजारचे काका सातपूरच्या एमआयडीसीत तीस वर्षे टूलरूममध्ये होते. त्यांचा डायल गेज आणला, शंभरावा भाग मिलिमीटर दाखवणारा. आधी त्यांनी मलाच झापले, कारण गेज बसवलेला माझा लाकडी ठोकळा टेबलावरच्या, पात्याशेजारील लांब खाचेत सैल होता. त्या दिवशीची सगळी मापे आम्ही फेकून दिली. दुसऱ्या दिवशी खाचेत घट्ट बसणारी पट्टी करून नव्याने सुरुवात केली. मशीनचा प्लग काढून ठेवला. पात्याच्या एका दातावर खूण करून तोच दात पुढे आणि मागे फिरवून मापला. फरक ०.०४ मिमी. म्हणजे पाते खाचेला समांतर आहे आणि मशीनवर ढकलायला जागा नाही.

मग फेन्स. स्केलवर ३०० मिमीला ठेवायची, ती आवळणारा लिव्हर दाबायचा, मागच्या टोकाशी माप घ्यायचे, सोडायची, पुन्हा लावायची. असे दहा वेळा केले. लिव्हर हलका दाबला तर मागचे टोक समोरच्यापेक्षा पात्यापासून ०.०५ मिमी उघडे राहते, म्हणजे हवे तसे. बरेच लोक मुद्दाम एवढी उघडी ठेवतात, हे मला माहीत आहे. पण तोच लिव्हर शेवटपर्यंत दाबला, जसा तुमच्या कागदात दाबायला सांगितला आहे, की मागचे टोक पात्याकडे सरकून ०.४ मिमी आत येते. जेवढा जोर जास्त, तेवढी आत. प्लॅस्टिकच्या दोन पॅडमागचे ग्रब स्क्रू (फेन्सचा कोन जुळवायचे बिनडोक्याचे स्क्रू) मी चार वेळा फिरवून जुळवले. हलक्या दाबाला जुळवली की पूर्ण दाबाला बिघडते. पूर्ण दाबाला जुळवली तर हात जरा हलका पडताच टोक दुसऱ्या बाजूला उघडते आणि लाकूड फेन्स सोडते.

काकांनी पाच मिनिटांत कारण दाखवले. या पद्धतीच्या फेन्सचा सगळा भार समोरच्या एका डोक्यावर, म्हणजे समोरची रेल आवळणाऱ्या भागावर असतो, मागचे टोक नुसते रेलवर टेकलेले असते. डोक्याची आडवी प्लेट ताठ असेल तरच फेन्स सरळ राहते. तुमच्या प्लेटची जाडी व्हर्निअरने ३ मिमी भरली. लिव्हर मध्यभागी दाब देतो, प्लेट धनुष्यासारखी वाकते, आणि वेल्डिंग एका बाजूला जास्त ओढलेले असल्याने ती दोन्हीकडे सारखी वाकत नाही. लिव्हर दाबलेला असताना डाव्या पॅडखाली ०.३० मिमीचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) आरपार जातो. फोटो सोबत आहे. ग्रब स्क्रूने कोन बदलतो, लोखंडाची जाडी वाढत नाही. म्हणून याला जुळवणीची चूक म्हणू नका.

फेन्सचा ॲल्युमिनियमचा दर्शनी भागही मध्ये ०.६ मिमी पोकळ आहे. सरळपट्टी लावली की पलीकडचा उजेड दिसतो. पण हे मी चालवून घेतले असते. मागे पातळ पत्र्याचे तुकडे घालून तो मी सरळ केलाही, तुम्हाला हवे तर पद्धत सांगतो. टेबलाशी काटकोन गुण्याने पाहिला, तो बरोबर आहे. स्केलचे आकडे स्पष्ट आहेत आणि रंगकामही छान आहे.

आता हे अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडण का, असे तुमच्या टेबलावर कोणाला वाटेल. फेन्स मागून आत आली की लाकूड फेन्स आणि पाते यांच्यात आवळले जाते. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते लाकूड उचलतात आणि कापणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. २७ सप्टेंबरला दोन फुटांची सागवानी पट्टी कापताना आधी जळका वास आला, मशीनचा आवाज जड झाला. मी बंद करायला हात नेतो तोच पट्टी उडून मागच्या पत्र्याच्या दारावर आदळली. मी सवयीने पात्याच्या रेषेत उभा नव्हतो, म्हणून निभावले. पट्टी जपून ठेवली आहे. पात्याकडची कड काळी पडली आहे आणि तिच्यावर मागच्या दातांचे कमानीसारखे ओरखडे आहेत. हे ओरखडे पाहून कोणताही सुतार सांगेल की लाकूड मागे आवळले गेले.

त्यानंतर मी मशीनची जुनी फेन्स परत लावली. तेच पाते, तेच टेबल, त्याच वाड्याचे लाकूड. ती पुढे-मागे दोन्हीकडे आवळते, त्यामुळे दिसायला कितीही हलकी असली तरी दहा वेळा लावून ०.१ मिमीच्या आत राहिली. कड जळत नाही. दोन फळ्या जोडून दिव्यासमोर धरल्या तर फटीतून उजेड येत नाही. तुमची ₹१४,८०० ची फेन्स सध्या शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे, तिच्यावर माझा टॉवेल वाळतो.

तुमच्या माहितीपत्रकाबद्दलही दोन शब्द. त्यात "फेन्स पात्याला समांतर करा" एवढेच आहे आणि चित्रात माणूस टेपने मापतो आहे. आधी पाते खाचेला, मग फेन्स खाचेला, हा क्रम कुठेच नाही. टेपला अर्धा मिलिमीटर दिसत नाही. पात्याजवळ हात घालण्याआधी प्लग काढा, ही ओळसुद्धा नाही. नवशिक्याच्या हातात हा कागद पडला तर काय होईल, याचा विचार करून तो बदलावा.

माझी मागणी अशी. जाड प्लेटचे, लिव्हर पूर्ण दाबून तपासलेले नवे डोके आणि सरळ दर्शनी भाग पाठवा. ते जमत नसेल तर सगळी रक्कम परत करा आणि पार्सल तुमच्या खर्चाने घरून उचला. एवढे वजन रिक्षात घालून मी कुरिअरच्या ऑफिसला नेणार नाही. "कूपन" नको.

तुमच्या ईमेलमध्ये "व्यावसायिक वापर असल्याने ग्राहक कायदा लागू नाही" असेही एक वाक्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुन्हा वाचावा. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली धरत नाहीत. माझ्या शेडमध्ये मी एकटाच काम करतो, नोकर नाही. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अजून फोन केलेला नाही. तुमच्या उत्तरासाठी ३० ऑक्टोबरपर्यंत थांबतो.

बिल, दहा वेळा घेतलेल्या मापांचा कागद, फिलर गेजचा फोटो आणि जळलेल्या पट्टीचे दोन फोटो ईमेलला जोडले आहेत. तुमचा माणूस प्रत्यक्ष बघायला येणार असेल तर फेन्स लावून दाखवतो, काकाही गेज घेऊन येतील. पार्सल उचलायला कोणाला पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा, त्याआधी मी लाकडासाठी बाहेर असतो.

आपला ग्राहक,
(सही)
म्हसरूळ, नाशिक