उभ्या ट्रकचे तासही पगारात धरा

मा. संपादक,

कंत्राटी मालवाहतुकीत चालकाला बहुतेक ठिकाणी खेपेमागे ठोक रक्कम मिळते. चाक फिरेल तेवढीच कमाई. न्हावा-शेवा बंदराच्या गेटबाहेरची रांग, कारखान्यात वजनकाट्यावरचा खोळंबा, माल उतरवायला हमाल नसणे, हे तास कुणाच्याच हिशेबात नसतात. कंपनीने खोळंब्याचे पैसे दिलेच, तर ते ठेकेदाराच्या पुढे क्वचितच सरकतात.

डिझेलचा हिशेब याहून जाचक. ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, आधीच ठरलेले. भरलेला ट्रेलर कसारा घाट खालच्या गियरवर चढला किंवा कोंडीत इंजिन चालू राहिले, की वाढीव डिझेल भत्त्यातून कापतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. पण तोही डिझेलवरच चालतो! ॲव्हरेज जुनेच धरले, तर चालक तो बंदच ठेवणार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झालेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला होता, पण ५ किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांसाठी. पोट-ठेका दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे गेला, की चालक कायद्याबाहेर.

गेटमध्ये शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) शिक्क्यासह नोंदवावी आणि खोळंब्याचा तासाचा दर मूळ कंपनीच्या करारातच चालकाच्या नावे लिहावा. रिकाम्या व भरलेल्या फेरीचे ॲव्हरेज वेगळे धरावे. उशिराचा दंड लावायला जीपीएसची नोंद चालते, मग उभे राहिलेले तास मोजायला का नको?

– मालवाहतूक क्षेत्रातील काही वाचक, उरण