अंगणातल्या पाटीवरून

प्रिय सच्या,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, स्कूल बोर्डाच्या (म्हणजे इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या, निवडून दिलेल्या समितीच्या) इलेक्शनचा गोंधळ चालू होता, म्हणून आता सविस्तर लिहितोय. तू विचारलंस की एका प्लास्टिकच्या पाटीवरून एवढं काय तापायचं? तापलोय खरंच, आणि अजून डोकं शांत झालेलं नाही.

इथे न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की घरोघरी पुढच्या गवतात उमेदवारांच्या नावाच्या पाट्या दिसायला लागतात. 18 बाय 24 इंचाचं पन्हाळी प्लास्टिक, त्याच्या नळ्यांमध्ये तारेचा स्टँड सरकवायचा आणि पायाने दाबून मातीत रोवायचा, झालं. आपल्याकडचा फ्लेक्स चौकात लागतो, नेत्याची माणसं लावतात, आजूबाजूला राहणाऱ्यांना कोण विचारतं? इथे पाटी त्या घराची असते. अमुक घरातली माणसं अमुक उमेदवाराच्या बाजूची, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं. आणि माझ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे रे, मला मत नाही. मुलं इथल्या शाळेत जातात, टॅक्स भरतो, पण बोर्डावर कोण बसावं हे सांगायला माझ्याकडे ती पाटी सोडून काहीच नाही.

आमच्या मंडळातल्या एक ताई उभ्या होत्या, त्यांची पाटी दारापुढच्या फुलझाडांत लावली आणि एका रात्रीत गायब. शेजारच्या आजोबांची दुसऱ्या उमेदवाराची होती, तीही गेली, आणि त्यांना वाटलं आम्हीच काढली! त्यांच्या दारात उभं राहून बोललो तेव्हा कुठे त्यांना पटलं. व्हॉट्सॲपवर तर नुसती चिखलफेक, कोणी डोअरबेल कॅमेऱ्याचे व्हिडिओ टाकतंय, कोणी थेट नावं घेतंय. पुढच्या गल्लीतल्या पाट्या मात्र चोरीला गेल्याच नव्हत्या, टाउनच्या माणसांनी उचलल्या होत्या, कारण फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी सार्वजनिक धरतात, गवत आपण कापायचं पण पाटी लावायची नाही. हे आधी कोणी सांगत नाही आणि मग शेजारीपाजारी एकमेकांवर घसरतात.

मग मी दुसरी पाटी खिडकीत आतून लावली, तर आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं (आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखं) पत्र आलं, काढा नाहीतर दंड. आता याच राज्यातलं, पार्सिपनीचं प्रकरण ऐक. वसीम खान नावाचे गृहस्थ 2005 साली टाउन कौन्सिलला उभे होते, त्यांनी स्वतःच्याच टाउनहाउसच्या खिडकीत आणि दारात आतून स्वतःच्या पाट्या लावल्या, असोसिएशनने काढायला लावल्या. नियम काय तर घर विकायची पाटी चालेल, बाकी कुठलीच नाही! 2012 मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने खानांच्या बाजूने निकाल दिला. आकार किती, पाट्या किती यावर वाजवी नियम करा, पण सरसकट बंदी नाही.

त्याआधी मिसूरीतल्या लडू गावच्या मार्गारेट गिलिओ. 1990 च्या डिसेंबरात आखाती युद्धाविरुद्ध अंगणात पाटी लावली, ती गायब झाली, दुसरी लावली तर कोणीतरी पाडली, पोलिसांकडे गेल्या तर पोलीस म्हणतात पाटी लावणंच बेकायदा. बाई खमक्या, कोर्टात गेल्या, वरच्या खिडकीत साध्या कागदाएवढी पाटी लावली, आणि 1994 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एकमताने जिंकल्या. जस्टिस स्टीव्हन्सनी त्यात लिहिलंय की स्वतःच्या घरावरची पाटी बोलणारा कोण आहे हे सांगते, म्हणून तिचा अर्थच वेगळा होतो. हे वाचलं आणि मला एकदम बळ आलं.

तू म्हणशील पाट्यांनी मतं मिळतात का? 2016 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सरासरी 1.7 टक्के पॉइंटचा फरक दिसला होता, म्हणजे थोडाच, पण स्कूल बोर्डाला मतदानच इतकं कमी होतं की तेवढ्यावर सीट जाऊ शकते. आणि तसं नसतं तरी मी लावलीच असती. रात्री येऊन कोणाचं तरी म्हणणं उपटून नेणं मला चोरीपेक्षा वाईट वाटतं, मग ते आजोबांचं असो की आमचं, आणि आजोबांचा उमेदवार मला अजिबात पसंत नाही तरी.

असोसिएशनला उत्तर पाठवलंय, खान निकालाची कॉपी जोडून, आणि पाटी अजून खिडकीतच आहे. त्यांचं काय येतं ते कळवतो. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते लिही, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र