न विचारता बदललेल्या संगणकाविषयी

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेच्या रात्री तुम्ही दोघे झोपल्यावर मी संगणक उघडला, जुनी डिस्क काढून नवी बसवली आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घातली. सकाळी निघताना मात्र "संगणक साफ करून ठेवला आहे" एवढेच बोलले. बाबांना अर्धवट सांगून आपण निघालो, ही गोष्ट कुंभार्ली घाट चढताना जी मनाला लागली, ती अजून गेलेली नाही. फोनवर सांगितले की आई "बरं, बरं" म्हणते आणि बाबा विषय बदलतात. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

श्रावणातल्या त्या दुपारी पडद्यावर लाल सूचना आली, तेव्हा बाबांनी आधी मलाच दोनदा फोन केला होता. मी उचलला नाही. उचलला असता, तर त्या सूचनेतल्या नंबरवर फोन करण्याची वेळच आली नसती. गेलेल्या रकमेविषयी मी पुन्हा कधी बोलणार नाही, आणि बाबांनीही ती मनातून काढून टाकावी. परंतु त्या माणसाने तासभर संगणकाचा ताबा घेऊन आत काय ठेवले, याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. अशा वेळी सगळे नव्याने घालणे हाच भरवशाचा उपाय असतो. मग विंडोजच पुन्हा का घातली नाही, असे बाबा विचारतील. विंडोज १० साठी मिळणारी नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबरला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो, आणि आपला संगणक २०१५ चा आहे. वर्षभराची मुदतवाढ घेता आली असती, पण पुढच्या ऑक्टोबरात हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला असता. नवा संगणकही मी आनंदाने घेऊन दिला असता, पण चालती वस्तू टाकून देणे तुम्हा दोघांनाही कधी रुचलेले नाही, आणि मिंट त्या जुन्या यंत्रावर उत्तम चालते. मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील.

दुसरे कारण लिहिताना मला जपून शब्द वापरावेसे वाटतात. जुन्या डिस्कवरचे मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड वगैरे, विकत घेतलेले नव्हते. ज्याने ते घातले त्याने बाबांना विचारले नव्हते, त्यामुळे बाबांचा त्यात काडीचाही दोष नाही. पण असे सॉफ्टवेअर चालू करण्यासाठी जो छोटा प्रोग्राम वापरतात, तो बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि घराची कडी अशी आतूनच काढली जाते. ज्या माणसाने पोस्टातला सुतळीचा तुकडा किंवा लाखेची कांडी कधी घरी आणली नाही, त्याच्या टेबलावर चोरीची वस्तू असू नये, असे मला मनापासून वाटले.

"फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत मागाहून मोजावी लागते," हे बाबांचे वाक्य ते सगळे घालताना माझ्या कानात होते, आणि ते खोटे नाही. पुष्कळ मोफत प्रोग्राम जाहिराती दाखवतात, तुमची माहिती गोळा करतात, किंवा महिन्याभराने पैसे मागू लागतात. मी निवडलेले प्रोग्राम त्या जातीचे नाहीत. ते मुक्त परवान्याखाली दिलेले आहेत, म्हणजे ते कसे लिहिले आहेत हे कोणालाही वाचता येते, वापरता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला देता येते. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला, आणि आज जगभरचे लोक तो मिळून सांभाळतात. आपल्या आळीतली विहीर जशी सगळे मिळून उपसतात, तसेच काहीसे आहे.

आता रोजच्या कामांविषयी, कारण काळजी तुम्हाला त्यांचीच वाटत असणार.

इंटरनेटसाठी फायरफॉक्स ठेवला आहे आणि त्याला युब्लॉक ओरिजिन हे जोड-साधन लावले आहे. ते जाहिराती अडवते, आणि श्रावणातली ती लाल सूचना जाहिरातीच्याच वाटेने आली होती. वर्तमानपत्राची पाने आता मोकळी दिसतील, आईच्या पाककृतींच्या मध्येमध्ये काही उडी मारणार नाही, आणि अक्षरे मी १३० टक्के मोठी करून ठेवली आहेत. दादाशी बोलण्याचा दुवा पूर्वीसारखाच पहिल्या खिडकीत आहे. कॅमेरा आणि आवाज दोन्ही मी तपासले आहेत. प्रिंटरही जोडताक्षणी ओळखला गेला.

लेखनासाठी लिब्रेऑफिस आहे. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळे होऊन ते सुरू झाले, आणि वर्डमध्ये केलेल्या फायली ते उघडते. एखाद्या तक्त्याची रेघ इकडची तिकडे होऊ शकते, म्हणून कोणाला पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवावा. त्यासाठी वरच्या पट्टीवर बटण आहे. बाबांच्या कुळवृत्तांताचे मात्र मी जास्त मन लावून केले. तो जुन्या फॉन्टमध्ये होता, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यातले एक अक्षरही वाचता आले नसते. सगळी प्रकरणे मी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणली. असे रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाते आणि रफार हरवतो, म्हणून तीन रात्री बसून ओळन् ओळ ताडून पाहिली. बाबांचा एकही शब्द बदललेला नाही, जिथे मला शंका आली तिथे फक्त पिवळी खूण केली आहे. कळफलक तोच इनस्क्रिप्ट आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि कळांवर बाबांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत.

त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवताना मला चिपळूणचे जुने पोस्ट आठवले. सुट्टीच्या दिवसांत बाबा मला खिडकीमागच्या उंच स्टुलावर बसवत आणि रद्दी कागदावर तारखेचा शिक्का मारू देत. कप्प्याकप्प्यांत पत्रे लावताना बाबा म्हणत, "चुकीच्या कप्प्यात गेलेले पत्र हरवल्यातच जमा." तुमचे फोल्डर मी त्याच आठवणीने लावले आहेत: पेन्शन, बँक, दवाखाना, फोटो, वृत्तांत. कप्पे पाचच ठेवले आहेत.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी आहेत. भजनांचे सगळे व्हिडिओ आता व्हीएलसीमध्ये उघडतील. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे काम आहे, आणि आजवर त्याने मला क्वचितच एखादी फाइल नाकारली आहे. दुसरी गोष्ट आजीच्या ओव्यांची. त्या कॅसेट मी दिवाळीत पिशवीतून नेल्या, हे तुला ठाऊक आहे. ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्राममध्ये त्या पूर्ण वेळ वाजवूनच उतरवाव्या लागतात, त्याला घाईची वाट नाही. शांत जागेतल्या खरखरीचा नमुना त्याला आधी दाखवला, की तो तेवढी खरखर सगळीकडून कमी करतो. जास्त पुसले तर आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो, म्हणून मी थोडक्यात थांबले. मध्ये आजी खोकते आणि "चूल बघ गं" म्हणते, ते तसेच ठेवले आहे. पुढच्या खेपेस तुझ्यासमोरच लावीन.

काही गोष्टी मी मुद्दाम घातल्या नाहीत. संगणक "वेगवान" करून देणारे, "साफ" करणारे प्रोग्राम घातले नाहीत, कारण त्यांची गरज नसते आणि घाबरवून विकण्याचा धंदा बहुतेक त्यांच्याच नावाने चालतो. पासवर्ड ठेवणारा कीपासएक्ससी हा प्रोग्राम फार चांगला आहे, पण त्याचा एक मुख्य पासवर्ड विसरला तर सगळेच बंद होते. त्यापेक्षा बाबांची कपाटातली वही मला आज अधिक भरवशाची वाटते. आणि दुरून संगणक चालवू देणारे एकही साधन मी ठेवलेले नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. त्यामुळे मला दर वेळी फोनवर समजावून सांगावे लागेल. ते मी सांगेन, कितीही वेळ लागला तरी.

म्हणून आता नीट ऐका. कोणीही, बँकेचे, पोलिसांचे किंवा कंपनीचे नाव सांगून, "हे डाउनलोड करा" किंवा "पडदा दाखवा" म्हणाले, तर फोन ठेवायचा. विचार करायचा नाही, उत्तर द्यायचे नाही. पैसे गेले असे वाटले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा आणि मग मला. मी मीटिंगमध्ये असले तरी तुमचा फोन उचलेन, हा माझा शब्द आहे. नवा प्रोग्राम हवा असेल तर तो शोधून कोणत्याही साइटवरून आणायचा नाही, कारण प्रसिद्ध नावांच्या नकली साइट जाहिरातीत सगळ्यात वर दिसतात. तो फक्त मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचा, आणि तोही मला विचारून. खाली उजवीकडे ढालीचे चिन्ह आहे. त्यावर ठिपका दिसला की ते उघडून सांगितलेले अपडेट करून घ्यायचे. काही बिघडले तर टाइमशिफ्ट हा प्रोग्राम प्रणालीला आदल्या स्थितीत नेते, त्यामुळे हात लावायला घाबरू नका.

टाइमशिफ्ट फोटो आणि वृत्तांत जपत नाही, त्यांसाठी वेगळी बाहेरची डिस्क आहे. ती एक वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे आणि तिची दुसरी प्रत माझ्याकडे पुण्यात आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तळमजल्यावर काही ठेवायचे नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

बाबांचा हयातीचा दाखला मात्र या संगणकावर होणार नाही. मागच्या वर्षीसारखा तो आईच्या मोबाइलवरून, चेहरा दाखवून करायचा आहे. नोव्हेंबर निम्मा होण्याआधी उरकू. दिवसा उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढून ठेवा.

जुनी डिस्क मी टाकलेली नाही. ती पिवळ्या पाकिटात, बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. महिनाभर वापरूनही बाबांना ही व्यवस्था पटली नाही, तर मी येऊन दुसरी काहीतरी तजवीज करीन आणि या वेळी आधी विचारीन. तोवर ती डिस्क कोणालाही जोडू देऊ नका.

रविवारी सकाळी अकराला फोन करते. बाबांनी संगणक सुरू करून समोर बसावे, आईने शेजारी बसावे आणि पिवळ्या खुणांचे पान उघडून ठेवावे.

तुमची,
चिमी

ता. क. पिवळी खूण केलेल्या जागांपैकी एक पणजोबांच्या नावाची आहे. बाबांनी एके ठिकाणी विष्णुपंत आणि दुसरीकडे विष्णोपंत लिहिले आहे. कोणते ठेवायचे ते बाबांनीच ठरवावे.