हक्क कोणी सोडायचा ते पण सांगा की

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एकाने लिहिलं होतं की ख्रिस्ती शिकवण म्हणजे गप्प बसा, सोसा, हक्क मागू नका, आणि अशाने माणूस लाचार होतो. पत्र जरा तिखट होतं पण मला राग नाही आला, कारण असं शिकवणारे लोक आहेत हे खरंच आहे. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला "ताई, प्रभूने पण सोसलं ना" असं सांगून परत पाठवणारे आहेत. मी ख्रिस्ती आहे, लहानपणापासून हेच ऐकत वाढलोय, म्हणून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

दुसऱ्यासाठी आपला हक्क सोडा ही शिकवण बायबलमध्ये आहे, नाही कोण म्हणतंय? पण ती कोणाला सांगितलीय ते बघा ना. येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल, त्याने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं ते इसवी सन 55 च्या सुमारास. तिथे भांडण कशावरून, तर मटणावरून. देवळात मूर्तीपुढे ठेवलेलं मांस नंतर बाजारात विकायला यायचं, काही जण म्हणायचे मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच, मग खायला काय हरकत आहे? आणि जे नुकतेच मूर्तिपूजा सोडून आलेले त्यांच्या मनाला ते खाताना टोचायचं. आता गंमत अशी की पौल पहिल्या गटाशी सहमत आहे! त्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो सरळ सांगतो, बाजारात मिळतं ते खा, चौकशी करत बसू नका. पण समोरचा म्हणाला की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि आठव्यात तर म्हणतो माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. म्हणजे ज्याचं म्हणणं बरोबर आहे, ज्याला ज्ञान आहे, त्याला मागे सरकायला सांगितलंय. दुर्बळाला कोणी दटावलेलं नाही की बाबा तू जरा अॅडजस्ट कर.

नववा अध्याय त्याच्याच पुढचा. तिथे पौल वकिलासारखा स्वतःचे हक्क मांडतो, खाण्यापिण्याचा हक्क, केफाप्रमाणे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र) बायकोला बरोबर घेऊन फिरण्याचा हक्क, सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याच्या कामावर पोट भरण्याचा हक्क, वर मोशेच्या नियमशास्त्राचा दाखला, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका. इतकी केस पक्की केल्यावर म्हणतो, मी यातलं काहीच वापरलं नाही. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबरोबर तंबू करायचं काम करत होता, करिंथच्या मंडळीकडून पैसे नको म्हणाला, पण उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या ख्रिस्ती भावांची मदत मात्र त्याने घेतली. म्हणजे पैसे घेणं त्याला पाप वाटत नव्हतं, कुठे घेतल्याने सुवार्तेला अडथळा होईल एवढं तो बघत होता. माझ्या मते सगळी शिकवण इथेच आहे, हक्क आहे हे आधी मान्य, मग तो ज्याचा आहे त्याने स्वतःहून, कोणाच्या तरी भल्यासाठी बाजूला ठेवायचा. दुसऱ्याने येऊन "तुझा हक्क सोड" म्हणायचं आणि वर त्यालाच प्रेम म्हणायचं, हे पौलाच्या पत्रात मला तरी सापडत नाही.

आणि हाच पौल फिलिप्पै शहरात काय करतो ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात वाचा. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता चारचौघांत फटके मारले, तुरुंगात पाय खोड्यात अडकवले, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून निरोप दिला, सोडून द्या त्यांना. दुसरा कोणी असता तर सुटलो बाबा म्हणून पळाला असता. हा म्हणतो आम्ही रोमी नागरिक आहोत, मारलं उघड उघड आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं. आले, घाबरले, विनवण्या केल्या. पौल मग लुदिया नावाच्या तिथल्या ख्रिस्ती बाईच्या घरी जाऊन भावांना भेटला आणि शहर सोडून गेला. फटके तर खाऊन झाले होते, मग हा हट्ट कशाला? मला वाटतं मागे राहणाऱ्या त्या नव्या, छोट्या मंडळीसाठी, उद्या त्यांच्यावर हात टाकताना कोणीतरी दोनदा विचार करावा म्हणून. म्हणजे दुसऱ्यांचा विचार करून हक्क सोडता येतो तसा मागता पण येतो. सोसा सोसा म्हणणारे हा भाग कधी वाचत नाहीत.

रोजच्या जगण्यात हे दिसतं कसं? मी एक घर बघितलंय, त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन असते, पाप वगैरे काही मानत नाहीत, पण दारू सोडायला धडपडणारा त्यांचा मित्र जेवायला येतो त्या दिवशी टेबलावर बाटली नसते, ग्लासही नसतात, आणि कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला कळतही नसेल कदाचित. आणि याच्या उलट चित्र मंडळीच्या वार्षिक सभेत. विषय निघतो उपासनेची वेळ जरा बदलू या, शिफ्टला जाणाऱ्यांना सकाळी जमत नाही, की लगेच एक वडीलधारे गृहस्थ मंडळीच्या घटनेचं पुस्तक उघडून कलमावर बोट ठेवून उभे, वेळ आम्ही ठरवलेली आहे आणि आम्ही जुने सभासद आहोत. मग कोणीतरी नव्या लोकांनाच नम्रतेवर लेक्चर देतं (हे मात्र कधी चुकत नाही). करिंथमध्ये पण काही जण प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायच्या विधीला, बाकीच्यांच्या आधीच खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, तेव्हा पौलाने उपाशी माणसांना धीर धरा असं नाही सांगितलं, खाणाऱ्यांना सांगितलं, एकमेकांची वाट बघा.

शेवटी एक विनंती, आपला पेपर वाचणाऱ्या पाळकांना. भावाला कोर्टात खेचू नका, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, हे 1 करिंथ 6 मधलं सातवं वचन आपण नेहमी ऐकवता. पुढच्या वेळी आठवं पण मोठ्याने वाचा, तिथे पौल म्हणतो तुम्ही स्वतःच अन्याय करता, फसवता, आणि तेही आपल्या भावांना. आणि ते वाचताना पुढच्या बाकांकडे बघा.

आपला,
एक नियमित वाचक